सज्ञान कोण? एका सीमारेषेचा इतिहास

मराठीत लग्न जमवण्याची भाषा वयाला दाद देत नाही. बत्तीस वर्षांची प्राध्यापिका असो की नुकतीच बारावी झालेली विद्यार्थिनी, पाहायला जातात ती 'मुलगी'च. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाच्या उत्तरात चाळिशीला टेकलेला गृहस्थ असू शकतो. मांडवातही एक बाजू 'मुलीकडची' आणि दुसरी 'मुलाकडची'. मंगलाष्टके संपली की मात्र हीच मुलगी सूनबाई होते, शेजारच्या पोरांची काकू होते, आणि वर्तमानपत्रात तिच्याबद्दल काही छापून येण्याचा दुर्दैवी प्रसंग आलाच तर 'विवाहिता' होते. त्याच वयाची अविवाहित स्त्री तेथे 'तरुणी' असते, आणि अठराच्या आतली असेल तर 'अल्पवयीन मुलगी'. एकाच वयाच्या माणसांसाठी एवढे निरनिराळे शब्द ज्या भाषेला लागतात, त्या भाषेत 'मोठे होणे' ही साधी गोष्ट नसणार हे उघड आहे.

माणूस मुलगा किंवा मुलगी असण्याचे थांबून प्रौढ केव्हा होतो, या प्रश्नाची दोन प्रकारची उत्तरे आपल्याकडे एकाच वेळी नांदत आली आहेत. एक उत्तर खुणेचे, दुसरे आकड्याचे. खूण शरीरावर किंवा घरातल्या स्थानावर दिसते. आकडा कागदावर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने आकडा आणला आणि त्याची खुणेशी गाठ पडली. त्या संघर्षाचे सर्वांत मोठे रणक्षेत्र महाराष्ट्र होते. हा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो, कारण आपल्या साहित्यातील कित्येक पात्रांचे वय आपण आजच्या आकड्याने मोजतो आणि तेथेच वाचन चुकते.

प्रथम खुणा पाहू. मुलग्याबद्दल मराठी म्हणते : मिसरूड फुटले, हाताशी आला, जाणता झाला, कर्ता झाला. मुलीबद्दल म्हणते : पदर आला, न्हाण आले, शहाणी झाली. मुलग्याच्या बाबतीत पहिली खूण सोडली तर बाकी सगळे शब्द कामाचे आणि अधिकाराचे आहेत. मुलीच्या बाबतीत जवळजवळ सगळे शब्द शरीराचे आहेत. 'शहाणी' हा वरकरणी बुद्धीचा शब्दसुद्धा अनेक भागांत ऋतुप्राप्तीसाठीच वापरला जातो. मुलगा सोळाचा झाला की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असे सांगणारे एक सुभाषित संस्कृत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यात उल्लेख पुत्राचा आहे.

पुरुषाच्या प्रौढत्वाची कसोटी कारभार ही होती, आणि कारभार हाती येणे हे वयावर अवलंबून नव्हते. याचे ठळक उदाहरण म्हणजे सवाई माधवराव. १७७४ मध्ये जन्मल्यावर अवघ्या चाळीस दिवसांच्या या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पद मिळण्यास वय आड आले नाही. पण १७९५ मध्ये शनिवारवाड्यात पडून त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते एकविसाव्या वर्षात उलटून गेले होते, विवाहित होते, आणि तरीही खरा कारभार नाना फडणविसांच्याच हाती होता. आजच्या कायद्याने ते तीन वर्षे सज्ञान होते. त्यांच्या काळच्या कसोटीने ते 'कर्ते' झालेच नाहीत.

आकड्याची सुरुवात इंग्रजी अमलात झाली. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याने अठरा हे वय ठरवले. ज्याच्यावर न्यायालयाने पालक नेमला असेल किंवा ज्याची मिळकत सरकारी देखरेखीखाली असेल, त्याच्यासाठी ते एकवीस होते. हा भेद १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत टिकला. त्याआधी हिंदू धर्मशास्त्रानुसार सोळावे वर्ष ही सीमा मानली जाई, आणि ते वर्ष लागताना की पुरे होताना यावर निरनिराळ्या परंपरांत मतभेद होता. मराठीने या कायद्यासाठी जे शब्द घेतले तेही विचार करण्याजोगे आहेत. अठराच्या आतला तो 'अज्ञान', अठरा पुरी झालेला तो 'सज्ञान'. म्हणजे वयाचा प्रश्न भाषेने ज्ञानाचा करून टाकला. सातबाराच्या उताऱ्यावर एखाद्या नावापुढे आजही 'अ.पा.क.' ही अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ 'अज्ञान पालनकर्ता'. वारस अठराचा झाला की हा शेरा आपोआप जात नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज करायचा राहून गेला तर नातवंडे असलेला शेतकरी कागदोपत्री अज्ञानच राहतो. आकडा आला तरी तो अमलात आणायला कोणीतरी लागतो, ही गोष्ट ही तीन अक्षरे सांगतात.

या कायद्यातील एका कलमाकडे मात्र विशेष लक्ष दिले पाहिजे. विवाह, मेहेर, घटस्फोट आणि दत्तक या बाबतींत, तसेच धर्म आणि धार्मिक रीतिरिवाजांच्या बाबतीत, हा कायदा लागू होणार नाही असे त्यात स्पष्ट म्हटले होते. जमीन विकायची तर अठरा वर्षे पुरी हवीत. कर्जाचा करार करायचा तर अठरा वर्षे पुरी हवीत. ज्या करारावर बहुसंख्य स्त्रियांचे सगळे आयुष्य उभे होते, त्याला मात्र वयाची अट नाही. सरकारने १८५७ नंतर धर्मात हात न घालण्याचे धोरण धरले होते, त्याचा हा परिणाम. यामुळे जी पोकळी राहिली, तिच्यातच रखमाबाईंचा खटला उभा राहिला.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या राहिल्या मात्र आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. तेव्हा रखमाबाई विशीच्या घरात होत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असहाय बालवयात जिचे लग्न लावले गेले, त्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात हा निर्णय टिकला नाही. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा दिली की, त्यांनी नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

या खटल्याची चर्चा बहुधा स्त्रीस्वातंत्र्याच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील पेच निराळा आहे. न्यायालयात उभी असलेली स्त्री कायद्याने सज्ञान होती. तिला वकील नेमता येत होता, १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने तिची पत्रे छापून आली होती आणि त्यांवर वाद माजला होता. प्रश्न होता तो अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीने इतरांनी घेतलेला निर्णय या सज्ञान स्त्रीवर बंधनकारक आहे काय, हा. कायद्याचे अखेरचे उत्तर 'आहे' असे होते. हिंदू विवाहात वधूची संमती हा आवश्यक घटकच नव्हता. मग ती वयाने लहान होती की मोठी, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी दीर्घकाळ काम केले, आणि १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या संमतीची न्यायालयाने दखल घेतली नाही, ती त्यांनी उरलेल्या आयुष्यभर स्वतःच्या हाती ठेवली.

खटला चालू असतानाच बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि लादलेले वैधव्य यांवरची आपली टिपणे प्रसिद्ध करून देशभर चर्चा सुरू केली होती. ती विझण्याच्या बेतात असताना कलकत्त्यात फुलमणी दासी या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा पतीसंबंधामुळे मृत्यू झाला. १८९० मध्ये नवऱ्यावर खटला झाला. परंतु १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होते, आणि फुलमणी दहाच्या वर होती. त्यामुळे बलात्काराचा आरोप ठेवताच आला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका आकड्याचा अर्थ इतक्या भीषण रीतीने यापूर्वी कोणाला कळला नसेल. १८९१ च्या जानेवारीत संमतिवयाचे विधेयक मांडले गेले आणि मार्चमध्ये ते मंजूर झाले. दहाचे बारा झाले.

या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात जो वाद झाला, तो आपल्याला सुधारक विरुद्ध सनातनी असा शिकवला जातो. तो थोडा बारकाईने पाहिला तर आत खूण आणि आकडा यांचा झगडा दिसतो. विरोधकांचा मुख्य आक्षेप गर्भाधान संस्काराविषयी होता. प्रथम ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान व्हावे असे शास्त्र. ऋतुप्राप्ती बाराच्या आधी झाली तर कायदा आणि धर्म यांत विरोध येणार. म्हणजे त्यांच्या मते मुलगी कधी बाई होते हे निसर्ग सांगतो, सरकारने ते सांगू नये. दुसऱ्या बाजूने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांचाच आधार घेऊन हा संस्कार पुढे नेण्यास हरकत नाही असे दाखवले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग कायद्याच्या बाजूने उभे राहिले, आगरकरांच्या 'सुधारका'ने विधेयकाची पाठराखण केली.

टिळकांची भूमिका यात सर्वांत गुंतागुंतीची. 'केसरी'तून त्यांनी विधेयकाला कडाडून विरोध केला. पण १८९० मध्ये त्यांनीच एक प्रतिज्ञापत्रकही सुचवले होते : मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलग्यांची विसाच्या आत करू नयेत, आणि ज्यांना हे पटते त्यांनी आधी स्वतःला त्यात बांधून घ्यावे. सोळा हा आकडा बारापेक्षा कितीतरी पुढचा आहे. तेव्हा टिळकांचा विरोध आकड्याला नव्हता. तो आकडा ठरवण्याचा अधिकार परक्या सरकारला देण्याला होता. हे राजकारण म्हणून समजण्यासारखे आहे. परंतु अधिकार कोणाचा, सरकारचा की समाजाचा, या वादात ज्या मुलीचे वय मोजले जात होते तिचा अधिकार हा तिसरा पर्याय सभांमधून फारसा उच्चारला गेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

तो उच्चारला गेला कादंबरीत. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रात हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. सभांतून संमतिवयाची खणाखणी चालली असताना वाचक दर आठवड्याला यमूचे आत्मकथन वाचत होते. या कादंबरीचे सामर्थ्य करुण प्रसंगांत आहे असे आपण वर्गात सांगतो. आम्हांला तिचे सामर्थ्य 'मी'मध्ये वाटते. जिला घरात कोणी विचारत नाही, जिच्या लग्नाचे आणि पुढे वैधव्याचे सगळे निर्णय इतरांनी घेतले, ती कथनात मात्र साक्षीदार आणि न्यायाधीश दोन्ही आहे. कायद्याच्या लेखी ती 'अज्ञान' होती. कादंबरीने तिला ज्ञानाची जागा दिली.

१८९१ चे आणखी एक चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्याच साली, त्याच विधिमंडळात कारखान्यांचा सुधारित कायदा मंजूर झाला. १८८१ च्या पहिल्या कायद्यात सात ते बारा वर्षांचा कामगार 'बालक' होता, त्याला दिवसाचे नऊ तास काम. बारा पुरी झाली की तो प्रौढ, त्याच्या तासांना मर्यादा नाही. १८९१ मध्ये ही व्याख्या नऊ ते चौदा अशी झाली आणि तास सातवर आले. म्हणजे मुंबईच्या गिरणीतला तेरा वर्षांचा पोरगा १८९० मध्ये प्रौढ होता आणि पुढे तो पुन्हा बालक झाला. त्याच्या बहिणीच्या बाबतीत तोच कायदेमंडळ बारा हा आकडा धरत होते. शरीर एकाच चाळीतले, एकाच जेवणावर वाढलेले. यंत्रापुढे त्याला चौदा वर्षे लागत, नवऱ्यापुढे बारा पुरत. आणि या दुसऱ्या कायद्याबद्दल पुण्याच्या सभांत खडाजंगी झाल्याचे कोणी सांगत नाही. ज्या मुलांच्या वयाबद्दल भांडण होते आणि ज्यांच्याबद्दल होत नाही, यातही वर्ग आणि जात आहे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ज्यांना मोठे होण्याची मुभाच नव्हती ती माणसे. गावगाड्यात पाटलाच्या मिसरूड न फुटलेल्या पोराला 'अहो' म्हटले जाई, आणि केस पिकलेल्या महाराला किंवा मांगाला 'अरे' म्हणून एकेरी हाक येई. त्याच्या नावामागे राव, पंत, बुवा काही लागत नसे. उलट नावाचाच 'धोंड्या' किंवा 'राम्या' होई. दलित आत्मकथने वाचताना या हाकांकडे लक्ष दिले तर कळते की 'राव' लागणे हा वयाचा नव्हे, हक्काचा प्रश्न होता. साहेबाच्या बंगल्यातला 'बॉय' साठीचा असू शके. हॉटेलातला 'पोऱ्या' वयाने वाढला तरी हाक तीच राही. इस्पितळातला 'वॉर्डबॉय' निवृत्तीपर्यंत बॉयच असतो. कायद्याचा आकडा या माणसांना अठराव्या वर्षी सज्ञान करतो, भाषा करत नाही.

विसाव्या शतकात आकडा पुढे सरकत राहिला. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील संमतिवय समितीने १९२८-२९ मध्ये देशभर साक्षी घेतल्या. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला : मुलीला चौदा, मुलग्याला अठरा. हरबिलास सारडांच्या नावावरून तो 'सारडा कायदा', पण मराठी जिभेवर तो सहज 'शारदा कायदा' झाला. देवलांच्या १८९९ च्या 'शारदे'ची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. या कायद्याने बालविवाह दंडनीय ठरवला, तरी झालेला विवाह रद्द ठरत नव्हता. रखमाबाईंचा प्रश्न तसाच उरला होता.

तरीही शहरी, शिकलेल्या घरांत लग्ने लांबू लागली, आणि भाषेपुढे एक नवे माणूस येऊन उभे राहिले : वयाने वाढलेली, शिकलेली, मिळवती, अविवाहित स्त्री. जुन्या खुणांप्रमाणे लग्नावाचून ती बाई होऊ शकत नव्हती. आकड्याप्रमाणे मुलगी राहिली नव्हती. मराठीने तिच्यासाठी 'प्रौढ कुमारिका' हा जोडशब्द चालवला. त्याचे दोन भाग एकमेकांशी भांडतात. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा विभावरी शिरूरकर हे नाव कोणाचे, यावर जेवढा गदारोळ झाला, त्याचे एक कारण हेच असावे. अशा स्त्रीला इच्छा असतात, हे सांगणारी व्यक्ती मुलगी मानायची की बाई, हे वाचकांना ठरवता येत नव्हते.

पुढचे आकडे आपल्या ओळखीचे आहेत. १९७८ मध्ये विवाहाचे वय मुलीला अठरा, मुलग्याला एकवीस झाले. १९८९ मध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात येऊन मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. त्यामुळे वीस वर्षांचा तरुण सरकार निवडू शकतो, जमीन विकू शकतो, पण कायदेशीरपणे बोहल्यावर चढू शकत नाही. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याने अठराच्या आतील प्रत्येकाला बालक मानले. पत्नीच्या बाबतीत मात्र दंडसंहितेत पंधराचा अपवाद राहिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अठरावर आणला. फुलमणीच्या मृत्यूनंतर त्यास जवळजवळ एकशे अठ्ठावीस वर्षे लागली. मुलीचे विवाहवय एकवीस करण्याचे विधेयक २०२१ मध्ये मांडले गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले.

आणि हा आकडा तरी किती पक्का असतो? महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीच्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून आहे. जन्माची नोंद नव्हती. आई म्हणे, अमक्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात झाला. गुरुजींनी शाळेत नाव घालताना मुलाकडे पाहून साल ठरवले आणि जूनची पहिली तारीख लिहिली. त्या नोंदीवर पुढे नोकरी मिळाली, मतदान झाले, निवृत्ती आली. खुणेला हरवून आलेला आकडा अनेकदा खुणेकडेच पाहून लिहिलेला होता.

म्हणून आकडा टाकाऊ ठरतो असे आम्ही म्हणणार नाही. तो नसता तर फुलमणीसारख्या मुलींच्या बाजूने न्यायालयात उभे राहण्यास काहीच आधार उरला नसता. आकडा संरक्षण देतो. मान देणे त्याच्या हाती नाही. आज एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या पसंतीने लग्न करून पोलीस ठाण्यात येते, तेव्हा तिच्या हाती जन्मदाखला असतो आणि समोर तिला 'पोर अजाण आहे' म्हणणारे नातेवाईक असतात. दाखला खरा आणि शब्द खोटा असूनही तेथे शब्दाचे वजन पुष्कळदा अधिक पडते. १८७५ च्या कायद्याने विवाह वगळून जी फट ठेवली होती, ती कागदावरून बुजली. भाषेतून बुजली नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमची सूचना एवढीच की, जुनी कादंबरी, नाटक किंवा आत्मचरित्र वाचताना पात्राचे वय शोधून तेथेच थांबू नये. त्याला कोण कोणत्या शब्दाने हाक मारते, ती हाक कोणत्या प्रसंगानंतर बदलते, आणि कोणाची शेवटपर्यंत बदलत नाही, हे पाहावे. आनंदीबाई जोशींचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्नात ते बदलले, चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि काही दिवसांतच गेले, अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला निघाल्या. यांपैकी कोणत्या दिवशी त्या मोठ्या झाल्या, हा प्रश्न वर्गात विचारून पाहण्यासारखा आहे.